एका दिवसात इंदूर: काय बघायचं, काय खायचं आणि कुठं हात आवरायचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्या-मुंबईचे, नाशिक-जळगावचे नातेवाईक, मित्र, मित्रांचे मित्र इंदूरला निघाले की आम्हा इंदूरच्या मराठी लोकांचे फोन वाजायला लागतात, आणि प्रश्न दरवेळी साधारण तेच असतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतोय. सकाळी गावात उतरलात आणि रात्री बाराच्या पुढं हॉटेलवर गेलात असं धरून सगळा हिशोब आहे.

इंदूरला एक दिवस पुरतो का?

बघायला पुरतो, खायला पुरत नाही. पण बहुतेकांकडं एकच दिवस असतो, कारण उज्जैन आणि ओंकारेश्वर करून मधला एक दिवस इंदूरला टाकलेला असतो. चालेल. फक्त एक लक्षात घ्या, या गावाचा दिवस खाण्याच्या वेळांवर चालतो, सकाळी पोहे आणि रात्री सराफा (इथली रात्रीची खाऊगल्ली) ही दोन टोकं पक्की, बाकी सगळं त्याच्या मधे बसवायचं. लोक उलटं करतात, दहा ठिकाणांची यादी घेऊन येतात, संध्याकाळी सातला थकून हॉटेलवर जातात आणि मग सराफा राहून जातो. सराफा राहिला म्हणजे इंदूर राहिलं.

कुठल्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, कारण थंडी असते आणि गराडू मिळतो (गराडूचं पुढं सांगतो). पावसाळाही छान, नवा मका आलेला असतो त्यामुळं भुट्ट्याचा कीस तेव्हाच खावा. एप्रिल-मेमधे दुपारी पारा चाळिशीच्या पार जातो, तेव्हा दुपारभर बाहेर फिरायचं नावही काढू नका. रात्र मात्र त्यातल्या त्यात बरी असते, आपण माळव्याच्या पठारावर साडेपाचशे मीटर उंचीवर आहोत ना, ‘शब-ए-मालवा’, म्हणजे माळव्याची रात्र, उगाच म्हणत नाहीत.

यायचं कसं आणि उतरायचं कुठं?

मुंबई सेंट्रलहून अवंतिका एक्सप्रेस संध्याकाळी निघते आणि सकाळी इंदूरला सोडते, एका दिवसाच्या प्लॅनला यापेक्षा सोयीची गाडी नाही. पुण्याहूनही थेट ट्रेन आहे. गाडीनं येणार असाल तर जुना आग्रा रोड, नाशिक-धुळे-शिरपूर-सेंधवा, रस्ता चांगला आहे, सेंधव्याच्या घाटात ट्रक भरपूर असतात तेवढं सांभाळा. विमानतळाला देवी अहिल्याबाई होळकरांचं नाव आहे आणि तो गावाला लागूनच आहे.

हॉटेल स्टेशनजवळ छोटी ग्वालटोली, सरवटे बस स्टँडच्या बाजूला घेतलं तर स्वस्त पडतं आणि राजवाडा जवळ. शांत आणि जरा बरं हवं असेल तर पलासिया किंवा विजयनगर. जाता जाता, सरवटे म्हणजे आपले तात्यासाहेब सरवटे, संविधान सभेत होते.

सकाळचे पोहे, इतकं काय विशेष आहे त्यात? आमच्याकडं पण रोज होतात.

हा प्रश्न दर मराठी माणूस विचारतो आणि जरा नाक मुरडूनच विचारतो. तर ऐका. आपण घरी पोहे कढईत फोडणीवर परततो आणि झाकण ठेवून वाफ काढतो. इथं ठेल्यावर मोठ्या परातीत पोहे कालवलेले असतात आणि ती परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेली असते, म्हणजे शेवटची प्लेट जाईपर्यंत पोहे खालून वाफेवर गरम आणि मऊ. तेल कमी, बडीशेप आणि धणे जाणवतात, किंचित गोडसर. मग वरनं कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबू, मूठभर शेव, कधी बुंदी, कधी डाळिंबाचे दाणे, आणि सगळ्यात शेवटी जिरावन. खरा खेळ जिरावनचा. जिरं, धणे, सुंठ, आमचूर, काळं मीठ, हिंग, लवंग-दालचिनी असा वीसेक गोष्टी कुटून केलेला आंबट-तिखट-खारट मसाला, तो भुरभुरला की तेच पोहे वेगळे होतात. मराठी घरांमधे पण इथं जिरावनची डबी जेवणाच्या टेबलावर मिठाच्या शेजारी असते.

खायचे कुठं? खरं सांगू, तुमच्या हॉटेलच्या कोपऱ्यावर सात-साडेसातला ज्या ठेल्यावर ऑफिसला जाणारे उभे आहेत तिथं खा. नाव हवंच असेल तर राजवाड्याजवळ ‘प्रशांत’ आहे, तिथं उसळ-पोहेही मिळतात, म्हणजे पोह्यांवर झणझणीत उसळ. मिसळवाल्या लोकांना ते लगेच पटतं. दहाच्या आत खा, नंतर चव नाही राहत.

पोह्यांबरोबर जिलबी खरंच खातात की टुरिस्टांसाठी आहे?

खरंच खातात. एक घास पोहे, एक तुकडा जिलबी. गरम असली पाहिजे, गार जिलबी दिली तर घेऊ नका.

राजवाड्यात बघण्यासारखं काय आहे? तो जळला होता ना?

एकदा नाही, तीनदा. १७४७ मधे मल्हारराव होळकरांनी काम सुरू केलं. सात मजली वाडा, खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, आणि लाकडानंच घात केला. १८०१ मधे शिंद्यांच्या बाजूनं सर्जेराव घाटगे चालून आला, त्यानं इंदूर लुटलं आणि वाडा पेटवला. मग १९०८ ला आग. मग १९८४, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची दंगल, त्यात मागचा बराच भाग खाक झाला. आमच्या मागच्या पिढीतले लोक ती रात्र अजून सांगतात. नंतर होळकर घराण्यातल्या उषाराजेंनी मागचा भाग जुन्या पद्धतीनं परत उभा केला.

समोरून बघायला पाच मिनिटं लागतात, सगळे तेच करतात, बागेतल्या अहिल्याबाईंच्या पुतळ्याबरोबर फोटो आणि पुढं. तसं करू नका. तिकीट काढून आत जा, तो मोठा खिळे ठोकलेला लाकडी दरवाजा, आतला चौक, मल्हारी मार्तंडाचं देऊळ. होळकरांचं दैवत जेजुरीचा खंडोबा, तो इथं माळव्यात राजवाड्यात बसलाय, हे बघितलं की इंदूरमधे इतके मराठी लोक कसे हे वेगळं सांगावं लागत नाही. पुण्याचा शनिवारवाडा बघून आलेल्यांना तर जास्तच जाणवतं, तिथं जोतं राहिलंय, इथं सातही मजले उभे आहेत. सोमवारी आत जाता येत नाही, बंद असतो.

अहिल्याबाई इथंच राहायच्या ना?

नाही. त्यांची राजधानी महेश्वर, नर्मदेच्या काठी, इथून साधारण नव्वद किलोमीटर. इंदूर तेव्हा मोठं होत होतं पण दरबार तिकडं. राजधानी इंदूरला आली ती १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर. तरी गावभर नाव त्यांचंच दिसेल, विद्यापीठ, विमानतळ, चौक, आणि लोक नुसतं ‘माँ साहेब’ म्हणतात.

राजवाड्याच्या आसपास पायी काय होतं?

बरंच. तीन गोष्टी सांगतो, तिन्ही चालत.

कृष्णपुरा छत्र्या, कान्ह नदीच्या काठावर. होळकर घराण्यातल्यांच्या समाध्या, कोरीव काम फार सुंदर. संध्याकाळी दिवे लागले की जास्त छान दिसतात. नदीकडं मात्र फार निरखून बघू नका.

काच मंदिर, इतवारिया बाजारात. सेठ हुकुमचंद म्हणून मोठे कापड गिरणीवाले, त्यांनी बांधलेलं जैन मंदिर. भिंती, छत, खांब, जमीन, सगळं काचेचं, रंगीत काचांमधे चित्रं बसवलेली. आत एक दिवा असला तरी हजार दिसतात. फोटो काढू देत नाहीत. मुलांना इथं आणाच, राजवाड्यात कंटाळलेली मुलं इथं एकदम गप्प होतात.

गांधी हॉल, आपलं घंटाघर. १९०४ चं, तेव्हाचं नाव किंग एडवर्ड हॉल, लाल दगडाचं. थोडं लांब आहे, चालायचा कंटाळा आला तर ई-रिक्षा करा. बाहेरून बघून पुढं गेलं तरी चालतं.

लालबाग बघावं की सोडावं?

बघावं, होळकरांचा महाल आहे. लोक वेळ नाही म्हणून सोडतात आणि त्याऐवजी मॉलला जातात, मला ते कधी समजलेलं नाही. दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात १८८६ ला सुरू झालं आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात १९२१ ला पूर्ण झालं. मुख्य फाटक लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाच्या धर्तीवर इंग्लंडमधे ओतून घेतलं आणि जहाजानं मुंबईला आणून इथं बसवलं. आत इटालियन संगमरवर, झुंबरं, छतावर चित्रं, थोडक्यात राजवाडा मराठी आहे आणि लालबाग साहेबी, दोन्ही एकाच घराण्याचे, मधे दीडशे वर्षं. आणि आपल्या विषयाला धरून एक गोष्ट, राजेसाहेबांचं स्वयंपाकघर महालात नव्हतंच, नदीच्या पलीकडं होतं, आणि जेवण भुयारातून यायचं. इथले लोक खाण्यासाठी किती लांब जातात ते त्यावरून समजा.

हेही सोमवारी बंद. सोमवारी येणार असाल तर सरळ दिवस बदला.

माणिकबाग महाल बघता येईल का असंही काही आर्किटेक्ट मंडळी विचारतात. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात जर्मन आर्किटेक्ट एकार्ट मुथेसियसकडून बांधून घेतलेला, त्या काळात जगात गाजलेला. पण आता तिथं सरकारी टॅक्स ऑफिस आहे, फिरायला म्हणून आत सोडत नाहीत.

देवळं?

खजराना गणपती, अहिल्याबाईंच्या काळातला, इंदूरचं सगळ्यात मोठं श्रद्धास्थान. बुधवारी आणि चतुर्थीला प्रचंड गर्दी. नवी गाडी घेतली की इंदूरकर आधी तिथं जातो. बडा गणपती दुसरीकडं, मूर्ती साधारण पंचवीस फूट उंच, मान वर करून बघावी लागते. एकच करायचं असेल तर एअरपोर्टहून गावात येताना बडा गणपती वाटेवर पडतो, तो करून टाका.

दुपारी जेवायचं काय?

दाल-बाफले. खानदेश-विदर्भातल्या लोकांना बट्टी माहितीये, बाफला तिचाच भाऊ, फक्त आधी पाण्यात उकडतात आणि मग भाजतात, त्यामुळं आत मऊ. मग तो फोडून तुपात बुडवतात. बुडवतात म्हणजे बुडवतातच, चमच्यानं सोडत नाहीत. बरोबर तुरीची डाळ, कढी, हिरवी चटणी, लसूण चटणी, आणि गोडाला लाडू किंवा चुरमा.

आता सल्ला: रात्री सराफा करायचा असेल तर दुपारी दोनपेक्षा जास्त बाफले खाऊ नका. वाढणारा आग्रह करेल, ‘भिया एक और’ म्हणेल, हात आडवा घाला. जमत असेल तर दोघांत एक थाळी घ्या. आणि जेवून सरळ हॉटेलवर जाऊन दोन तास झोपा. मी थट्टा करत नाहीये, दुपारची झोप हा या प्लॅनचा भाग आहे, ती घेतली नाही तर रात्री अकराला तुम्ही सराफ्यात उभ्या उभ्या पेंगणार.

छप्पन दुकान की सराफा, एकच निवडायचं तर?

सराफा, प्रश्नच नाही. पण निवडायची गरज नाही, वेळा वेगळ्या आहेत. छप्पन दुकान न्यू पलासियात, दिवसभर चालू, संध्याकाळी पाच-सहाला जा. नावाप्रमाणं छप्पन दुकानांची रांग. २०२० मधे पूर्ण रस्ता नव्यानं केला, तो पण छप्पन दिवसांत, आता गाड्या आत येत नाहीत, बसायला बाकडी आहेत, आजी-आजोबांना इथं आरामात बसवता येतं. सराफ्यात ते शक्य नाही.

इथं दोन-तीनच गोष्टी खा. जॉनी हॉट डॉगचा हॉट डॉग, तो अमेरिकेतला लांबट नाही, गोल बन तव्यावर तुपात खरपूस भाजून मधे टिक्की, साधा आणि मस्त. विजय चाट हाऊसचं खोपरा पॅटिस, बाहेर बटाटा आणि आत ओल्या खोबऱ्याचं गोडसर सारण. आपल्या कोकणातल्या लोकांना ते जास्त आवडतं असा माझा अनुभव. आणि शिकंजी. बस. इथं पोट भरलंत तर पुढचं सगळं बिघडलं.

शिकंजी म्हणजे लिंबूपाणीच ना?

इंदूरमधे नाही. इथली शिकंजी म्हणजे आटवलेलं घट्ट दूध, केशर, वेलची, सुका मेवा आणि किंचित आंबटपणा. श्रीखंड जरा पातळ करून ग्लासात ओतलं तर जवळपास जाईल. एक ग्लास दोघांना पुरतो. फार गोड आहे, आधीच सांगून ठेवतो.

सराफा किती वाजता सुरू होतो? आम्ही आठला गेलो तर?

आठला गेलात तर सोनं मिळेल. सराफा बाजार दिवसा खरोखरचा सराफा आहे, सोन्या-चांदीची दुकानं. ती साडेआठ-नऊला शटर ओढतात आणि मग त्याच ओट्यांवर, त्याच पायऱ्यांसमोर ठेले लागतात. सगळं नीट लागायला साडेनऊ-दहा वाजतात, खरी मजा दहा ते साडेबारा. शनिवार-रविवारी तर दोन वाजले तरी लोक हलत नाहीत.

सराफांना हे कसं चालतं असं विचारतात. जुने लोक सांगतात की त्यांना हे हवंच होतं, रात्रभर माणसांची वर्दळ असली की दुकानं आपोआप राखली जातात. आता गर्दी, गॅस सिलेंडर यावरून मधूनमधून कुरबुर होते ती गोष्ट वेगळी.

राजवाड्याच्या मागनं चालत पाच मिनिटं. गाडी आत न्यायचा विचारही करू नका, लांब पार्क करा किंवा रिक्षानं या.

सराफ्यात नक्की काय खायचं आणि कुठल्या क्रमानं?

आधी एक चक्कर नुसती मारा, न खाता. ठेले भरपूर आहेत, पहिल्याच ठिकाणी थांबलात तर शेवटचा दिसणार नाही. आणि प्रत्येक गोष्ट चार जणांत एक प्लेट, हा नियम मोडायचा नाही. मग असं:

भुट्ट्याचा कीस सगळ्यात आधी. ताजं कणीस किसून तुपात जिरं-मोहरी-हिरव्या मिरचीवर परततात, दूध घालून शिजवतात, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू, आणि हो, जिरावन. वऱ्याच्या तांदळासारखा दिसतो, चव कशाचसारखी नाही. इंदूरमधे एकच गोष्ट खायची म्हणाल तर मी पोहे नाही सांगणार, हा कीस सांगेन.

मग जोशींचा दहीवडा. इथं वड्याइतकाच खेळ बघायचा असतो, दह्यानं भरलेला द्रोण हवेत उडवतात, झेलतात, थेंब सांडत नाही, आणि मग एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले एकेक करून टाकतात. वडा मोठा आणि अगदी मऊ. रांग असते. लहान मुलांना पुढं उभं करा.

थंडी असेल तर गराडू. कंद आहे, सुरणाच्या जातकुळीतला वाटतो पण खाजत नाही, तुकडे करून दोनदा तळतात, बाहेर कुरकुरीत आत पिठूळ, वर लिंबू आणि जिरावन. उन्हाळ्यात कुणी गराडू म्हणून काही विकत असेल तर घेऊ नका, तो साठवणीतला असतो.

साबुदाणा खिचडी पण खाऊन बघा, आपल्यासारखी तुपातली नाही, वाफेवरची मोकळी, वरनं फराळी मिक्स्चर, बटाट्याचा चिवडा. काही मराठी आयांना हा अपमान वाटतो. मला आवडते.

मग गोड. जलेबा, म्हणजे जिलबीचा आजोबा, एकेक पाव किलोच्या घरात जातो, ताटाएवढा. चार जणांत एक, त्यावर रबडी मागा. मालपुवा गरम तळून देतात. मावाबाटी ही गुलाबजामची श्रीमंत बहीण, आत सुका मेवा भरलेला. थंडीत मुगाचा हलवा. हे सगळं एका रात्रीत होत नाही, दोन गोड निवडा. माझी निवड मालपुवा-रबडी आणि थोडासा जलेबा.

शेवटी कुल्फी-फालुदा, मग पान. आग लावलेलं पान तोंडात घालतात तो प्रकार व्हिडिओपुरता ठीक आहे, त्यापेक्षा साधं मीठा पान चांगलं असतं.

मोमो, चायनीज, चीज-पिझ्झा-डोसा हेही सगळं मधल्या काळात सराफ्यात आलं आणि तिथंच कॉलेजच्या पोरांची गर्दी दिसायची. तुम्ही पाचशे किलोमीटरवरून नूडल्स खायला आला नसाल अशी आशा आहे.

नॉनव्हेज?

सराफा पूर्ण शाकाहारी. छप्पनवर एग बेंजो मिळतं, बनमधे ऑम्लेट. नॉनव्हेजसाठी वेगळी हॉटेलं आहेत पण एका दिवसासाठी आलात तर एक दिवस राहू द्या.

कांदा-लसूण खात नसलो तर?

काही अडचण नाही, हे जैन व्यापाऱ्यांचंही गाव आहे. नुसतं ‘जैन’ म्हणा, बहुतेक ठेलेवाले कांद्याशिवाय देतात.

उपास असेल त्या दिवशी?

खिचडी, फराळी मिक्स्चर, रबडी, शिकंजी. इंदूरमधे उपासाला वजन वाढतं.

पोट बिघडेल का?

गर्दीच्या ठेल्यावर गरम गरम करून दिलेलं खा, पाणी सीलबंद बाटलीचंच प्या, चटणी शंकास्पद वाटली तर सोडून द्या. जेवढे आजारी पडलेले पाहिलेत ते स्वच्छतेपेक्षा अतिखाण्यानं पडलेत. ओव्याची एक पुडी जवळ ठेवा.

गाव खरंच तेवढं स्वच्छ आहे की नुसती जाहिरात?

स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून सलग पहिला नंबर येत गेला, २०२३ मधे तो सुरतबरोबर वाटून घेतला. सराफ्यात रात्री दोनला हजारो प्लेटा उडालेल्या असतात आणि सकाळी सहाला त्याच गल्लीत झाडून लख्ख असतं, ते एकदा बघायला पाहिजे. ओला कचरा वेगळा जातो, देवगुराडियाला रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करायचा प्लांट २०२२ मधे सुरू झाला, त्या गॅसवर सिटी बस चालतात. म्हणजे तुम्ही टाकलेल्या कणसाच्या सालींवर बस पळते असं म्हणायला हरकत नाही. रस्त्यावर द्रोण टाकलात तर दंड होऊ शकतो, पण त्याआधी शेजारचा माणूसच टोकेल, ‘भिया, डस्टबिन उधर है’. नद्या आणि नळाच्या पाण्याचं काम मात्र अजून बाकी आहे, तिथं कौतुक आवरतं घ्या.

मराठी चालते का?

रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर इकडं गेलात तर दारावरच्या पाट्या वाचूनच समजेल. ठेलेवाल्याशी हिंदीत बोला, पण आपसात मराठी बोललात तर बऱ्याचदा बाजूचा कुणीतरी ‘कुठून आलात?’ म्हणून विचारणार, आणि मग त्याची मावशी डोंबिवलीला निघणार. आमची मराठी ऐकून हसू नका, तीत हिंदी भरपूर मिसळलंय. सानंद न्यासाची मराठी नाटकं इथं वर्षभर होतात, महाराष्ट्र साहित्य सभा आहे, गणपती तर आहेतच. अनंत चतुर्दशीला कापड गिरण्यांच्या कामगारांनी सुरू केलेल्या झांक्या (सजवलेले देखावे) रात्रभर निघतात, गिरण्या बंद पडल्या, झांक्या चालू आहेत.

लता मंगेशकरांचं घर बघता येतं का?

त्यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ चा, इंदूरच्या सिख मोहल्ल्यातला. पण स्मारक वगैरे समजून जाऊ नका, तिथं आता दुकान आहे. गाण्यातले लोक असाल तर गल्लीतून एक चक्कर मारा, इतकंच. उस्ताद अमीर खाँसाहेब पण इंदूरचेच. आणि क्रिकेटवाल्यांसाठी, सी. के. नायडूंच्या होळकर टीमनं रणजी चारदा जिंकली आणि राहुल द्रविडचा जन्मही इथलाच.

रंगपंचमीला यावं का?

धाडस असेल तर. गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक निघते, राजवाड्यासमोर लाखो माणसं, टँकरनं रंग उडतो, वर आकाश दिसत नाही. त्या दिवशी बाकी काहीही बघायचा प्लॅन करू नका आणि लहान मुलं, म्हातारी माणसं आणू नका. जुने कपडे, मोबाईल प्लास्टिकमधे.

याच दिवसात उज्जैन पण उरकता येईल का?

उज्जैन पंचावन्न किलोमीटर आहे, जाता येतं, पण महाकालची रांग तुमच्या हातात नाही. पहाटे जाऊन दुपारपर्यंत परत आलात तर लालबाग गेलं समजा. महेश्वर आणि मांडू यांना प्रत्येकी वेगळा दिवस द्या, मांडू तर पावसाळ्यातच.

मेट्रो सुरू झाली म्हणे, त्यानं फिरावं का?

३१ मे २०२५ ला सुरू झाली, पहिला टप्पा सुपर कॉरिडॉरच्या बाजूचा. राजवाडा-सराफा त्यात येत नाही. रिक्षाच बरी, ॲपवरून बोलावा म्हणजे भावाची घासाघीस नको.

खर्च किती?

खाण्याचा माणशी पाचशे ते सातशे धरा, तेही पोट फुटेपर्यंत. प्लेट वाटून खाल्लीत तर त्याहून कमी. ठेल्यांवर यूपीआय चालतं, पण सराफ्यात गर्दीत नेटवर्क जातं म्हणून थोडे सुट्टे पैसे ठेवा, आणि पाकीट पुढच्या खिशात.

रात्री एक वाजता बायका-मुलांना घेऊन परत जाणं सेफ आहे का?

सराफा-राजवाडा भागात त्या वेळेला अख्खी कुटुंबं असतात, आजींपासून तान्ह्या बाळापर्यंत. फक्त गर्दीत चेंगरून जायला होतं, बाबागाडी अजिबात आणू नका, आणि ज्येष्ठांना गुडघ्यांचा त्रास असेल तर शनिवार सोडून आठवड्यातला मधला दिवस धरा. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी नाही मिळत, मेन रोडवर यावं लागतं.

घरी काय न्यायचं?

शेव. लवंगी शेव, रतलामी शेव (रतलाम इथून जवळच, तिच्या शेवेला जीआय टॅग आहे), फराळी मिक्स्चर, आणि जिरावनची पाकिटं, ती सगळ्यात आधी संपतात त्यामुळं दोन जास्त घ्या. दुकानात उभं राहून चव बघूनच घ्या, इथं चव बघायला कुणी नाही म्हणत नाही, उलट न बघता घेतलं तर बघतात. महेश्वरी साडी घ्यायची असेल आणि महेश्वरला जाणार असाल तर तिथूनच घ्या, नाहीतर राजवाड्याजवळ मिळतात पण हातमाग आणि पॉवरलूम याचा फरक विचारून घ्या. मिठाई नेणार असाल तर मावाबाटी नको, रात्रभराच्या ट्रेनमधे पाक सांडतो. शेवेचं पाकीट बॅगेत सगळ्यात वर ठेवा, आणि खिडकीशी बसलेल्या सहप्रवाशासाठी एक वेगळं पाकीट हाताशी असू द्या, कारण वासानं तो विचारणारच.